कुपन हातात, पण शाळा कुठाय?

(परंदवडी इथल्या पालक मेळाव्यात संघटनेच्या वतीने झालेलं भाषण. ज्या वस्त्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी इथे देत आहोत. वस्तीच्या बैठकीत एकाने मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं, मग चर्चा करावी.)



आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ अशा तिन्ही खोऱ्यांतून तुम्ही आलात. भात अजून झोडून व्हायचंय. भट्टीचे मुकादम बयाना घेऊन वस्त्यांवर फिरायला लागलेत. अशा दिवसांत एक रोज मोडून शाळेवर बोलायला माणसं जमतात, याचा अर्थ पोरांच्या शाळेची काळजी आपल्याला नाही असं जे म्हणतात ते खोटं बोलतात.

आजवर आपण या बुलेटिनात वनपट्ट्याचे दावे, सातबारा, गावठाण, जातीचे दाखले यांवर बोललो. आज शाळेवर का? तर दोन-तीन बैठकांत आपल्याच माणसांनी एक सवाल टाकला. ते म्हणाले, "जिल्हा परिषदेची शाळा चालत नाही. सरकार एका पोरामागे एवढा पैसा खर्च करतं, तर तो पैसा आमच्या हातात द्यावा. आम्ही पाहिजे त्या शाळेत पोर घालू. मोठ्या माणसाला शाळा निवडता येते, मग आम्हाला का नाही?"

हा सवाल टाळण्यासारखा नाही. विचारणाऱ्याला गप्प करण्यासारखा तर अजिबात नाही. म्हणून आपण तो नीट उलगडू.

कुपन म्हणजे काय

ही कल्पना आपल्या वस्तीत आज आली, पण तिचं वय मोठं आहे. १९५५ साली अमेरिकेतल्या मिल्टन फ्रीडमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने ती मांडली. सरकारने शाळा चालवू नयेत, फक्त पैसे द्यावेत, असं त्याचं म्हणणं. प्रत्येक आई-बापाला एक कुपन मिळेल. त्याला व्हाउचर म्हणतात. ते कुपन ज्या शाळेत नेऊन द्याल, त्या शाळेला सरकार तेवढे पैसे देईल. शाळा चांगली असेल तर पोरं येतील, पैसा येईल. वाईट असेल तर पोरं जातील आणि शाळा बंद पडेल. बाजारात दुकानं चालतात तशा शाळा चालतील.

आपल्या देशात दिल्लीला २००७ साली सेंटर फॉर सिव्हिल सोसायटी नावाच्या संस्थेने याची मोहीम काढली आणि ४०८ मुलांना अशी कुपनं दिली. पुढे बऱ्याच राज्यांत याची चर्चा झाली. महाराष्ट्रात "व्हाउचर" या नावाने मोठी योजना आली नाही. पण नाव वेगळं ठेवून तोच विचार आपल्या दारापर्यंत तीन वाटांनी आलाय. त्या तिन्ही वाटा आपण चालून पाहिल्यात, म्हणून पुस्तकातलं सोडून आपल्या अनुभवातलं बोलू.

त्याआधी समोरच्याचं म्हणणं सरळपणे ऐकू. कुपन मागणारे तीन गोष्टी सांगतात. एक, गरिबाला निवड नाही आणि श्रीमंताला आहे, हा अन्याय आहे. दोन, सरकारी शाळेत गुरुजी आले काय न आले काय, पगार चालू राहतो, म्हणून आपल्याला कोणी विचारत नाही. तीन, खाजगी शाळा कमी खर्चात शिकवते.

पहिलं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. तळेगावच्या रस्त्याला सकाळी उभं राहून बघा. पिवळ्या बसेस एकामागून एक जातात. त्यांतली एकही आपल्या वस्तीच्या चढावर येत नाही.

दुसरं अर्धं खरं आहे. चार वर्ग आणि एक गुरुजी, त्यातून त्याला मतदारयादीचं काम, ऑनलाइन माहिती भरण्याचं काम, मीटिंगा. वर्ग मॉनिटरच्या हवाली. काही गुरुजी कामचुकार आहेत, हेही आपण तोंडावर बोलतो. पण ज्यांनी भर पावसात ओढा ओलांडून पोरं गोळा केली, असेही गुरुजी आपण पाहिलेत.

तिसऱ्याबद्दल एक मोठी पाहणी झालेली आहे. आंध्र प्रदेशात १८० गावांत चिठ्ठ्या टाकून काही मुलांना खाजगी शाळेची कुपनं दिली आणि चार वर्षांनी तपासलं. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या दोन अभ्यासकांनी २०१५ साली त्याचा निष्कर्ष छापला. खाजगी शाळेत एका मुलामागे खर्च सरकारी शाळेच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी होता, हे खरं निघालं. पण तेलुगू आणि गणितात कुपनवाली मुलं सरकारी शाळेतल्या मुलांच्या पुढे गेली नाहीत. हिंदीत गेली, कारण सरकारी शाळेत हिंदीला तेवढा वेळच नव्हता. आता खर्च कमी का, ते पण बघा. खाजगी शाळेतल्या बाईंचा पगार सरकारी गुरुजींच्या पगाराच्या जवळपासही नव्हता. शिकलेल्या पोरींना कमी मजुरीत राबवून शाळा स्वस्त होते. आपण मजुरीसाठी लढणारी माणसं आहोत. आपल्या पोराची शाळा दुसऱ्याच्या पोरीची मजुरी कापून स्वस्त झाली, तर तिला सोय म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा.

पहिली वाट : पंचवीस टक्के

२००२ साली घटनेत ८६ वी दुरुस्ती झाली आणि ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्यावरून २००९ चा शिक्षण हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. या कायद्याचं कलम १२ सांगतं, की विनाअनुदानित खाजगी शाळेने पहिल्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या, शेजारात राहणाऱ्या मुलांना द्यायच्या. त्यांची फी सरकार शाळेला भरून देणार. महाराष्ट्रात हा दर एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये धरलेला आहे.

ही कुपनाच्या जवळची गोष्ट आहे. पैसा पोराच्या मागे जातो. पण यात एक फरक आहे. कुपनात शाळा पोराला निवडते. इथे शाळेला "नाही" म्हणता येत नाही. परीक्षा घ्यायची नाही, देणगी मागायची नाही. म्हणूनच मोठ्या शाळांना हे कलम पहिल्यापासून खुपतं.

९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियम बदलला. ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला पंचवीस टक्क्यांतून सूट. परिणाम काय झाला? त्या उन्हाळ्यात अर्ज भरायला बसलेल्या आई-बापांना मोबाइलवर इंग्रजी शाळांची नावंच दिसेनात. अर्ज एकदम घटले. पालक आणि संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे ला स्थगिती मिळाली आणि १९ जुलै २०२४ ला न्यायालयाने तो नियमच रद्द केला. खाजगी शाळा सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तिथे ९ ऑगस्टला त्यांचं म्हणणं फेटाळलं गेलं.

९ ऑगस्ट ही तारीख आपल्याला सांगावी लागत नाही. तो क्रांतिदिन आहे, आदिवासी दिन आहे, आणि २०११ साली त्याच दिवशी पवनेच्या पाण्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या मावळच्या तीन माणसांना बऊरजवळ गोळ्या घालून मारलं. त्या तारखेला गरिबाच्या बाजूने एक निकाल लागला, तो लक्षात ठेवू.

मग पंचवीस टक्के आपल्याला किती उपयोगी? कायद्याने अनुसूचित जमातीला यात उत्पन्नाची अट नाही. म्हणजे ठाकर, कातकरी, महादेव कोळी सगळे पात्र. पण अर्ज ऑनलाइन. त्याला जातीचा दाखला लागतो. राहण्याचा पुरावा लागतो. घर नकाशावर दाखवावं लागतं, कारण शाळेपासूनचं अंतर त्यावरून मोजतात. आता कातकऱ्याची वस्ती मालकाच्या जमिनीवर. घराला नंबर नाही. वीजबिल नाही. दाखल्यासाठी १९५० च्या आधीचा कागद मागतात. ज्याच्या आजाला कोणी शाळेत बसू दिलं नाही, त्याच्याकडून आजाचा शाळेचा दाखला मागतात! निवडीचा हक्क कागदावर आहे, पण त्या कागदापर्यंत पोचायला आधी जमिनीचा कागद लागतो. म्हणून आम्ही म्हणतो, गावठाणाची लढाई आणि शाळेची लढाई एकच आहे.

दुसरं असं, की ही फी आठवीपर्यंतच भरली जाते. नववीला पूर्ण फी आपल्या अंगावर. पोरगी आठ वर्षं त्या शाळेत रुळली, मैत्रिणी झाल्या, आणि मग बापाला म्हणतात, एवढे हजार आणा. शिवाय गाडीभाडं, बूट, सहल, गॅदरिंगचे कपडे. हे कुपनात बसत नाही.

तरीही ज्या घराला पंचवीस टक्क्यांत पोर घालायचं आहे, त्याने जरूर घालावं. तो त्याचा कायदेशीर हक्क आहे. संघटना दाखले काढायला मदत करील. वस्तीत कोणी त्याला "साहेब झाला" म्हणून टोमणा मारू नये.

दुसरी वाट : नामांकित शाळा

ही तर खास आदिवासींसाठी. २०१०-११ पासून आदिवासी विकास विभाग आपल्या मुलांना नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत पाठवतो. शाळेला एका मुलामागे वर्षाला पन्नास हजारांपासून सत्तर हजारांपर्यंत रक्कम मिळते. मावळचे अर्ज घोडेगावच्या प्रकल्प कार्यालयाकडे जातात.

काही पोरं यातून शिकली, बारावी झाली, पुढे गेली. त्यांचा आपल्याला अभिमान आहे. पण "पालकांची निवड" म्हणून जे सांगतात ते इथे किती आहे ते पाहा. कुठल्या शाळेत पोर जाणार, हे कार्यालय ठरवतं. शाळा दुसऱ्या तालुक्यात, दुसऱ्या जिल्ह्यात. सहा वर्षांचं पोर. घरी कातकरी किंवा ठाकरी बोलणारं, मराठीसुद्धा अंगणवाडीत शिकलेलं, ते एकदम इंग्रजीत पडतं. आईला भेटायला जायचं तर दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं. शाळा निकषात बसली नाही म्हणून यादीतून निघाली, तर पोरांना उचलून तिसरीकडे नेतात. त्या वेळी आई-बापाला कोण विचारतं?

आणि हिशोब मांडा. एका पोरामागे साठ हजार धरले, तर वीस पोरांचे वर्षाला बारा लाख होतात. हेच बारा लाख आपल्या वस्तीच्या शाळेवर दरवर्षी खर्च झाले, तर एक जादा बाई, संडासाला पाणी, पुस्तकांचं कपाट, संध्याकाळचा अभ्यासवर्ग, सगळं होऊन पैसे उरतील. आणि पोर रात्री आईजवळ झोपेल.

कोणी म्हणेल, मग आश्रमशाळा तरी कुठे धड आहेत? बरोबर. राज्यात सुमारे पाचशे सरकारी आणि साडेपाचशे अनुदानित आश्रमशाळा आहेत. तिथल्या मुलांच्या मृत्यूंवर डॉ. सुभाष साळुंके समितीला २०१६ साली अहवाल द्यावा लागला. आश्रमशाळेची आम्ही आरती ओवाळत नाही. पण तिथे मूल आजारी पडलं तर आपण प्रकल्प कार्यालयावर मोर्चा नेतो, कारण ती शाळा सरकारची आहे आणि जबाबदारी सरकारची आहे. खाजगी संस्थेच्या गेटवर मोर्चा नेला, तर वॉचमन म्हणतो, सरकारला विचारा. सरकारकडे गेलं, तर साहेब म्हणतात, आम्ही पैसे भरलेत, संस्थेला विचारा.

तिसरी वाट : खात्यावर पैसे

हे सगळ्यांना माहीत आहे. शाळेत गणवेश मिळायचा. मग ठरलं, की कपडा नको, दोन गणवेशांचे चारशे रुपये खात्यावर. खातं काढायला बँकेत चार खेपा, तेवढ्यात दोन रोज बुडाले. चारशे रुपयांत दोन गणवेश कुठल्या दुकानात मिळतात ते साहेबांनीच सांगावं.

पुढे २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतली खानावळ बंद करून जेवणाचे पैसे विद्यार्थ्यांच्या खात्यावर टाकायचं ठरलं. तेव्हा आपल्या पोरा-पोरींनी जुलै महिन्यात, भर पावसात, पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी मोर्चा काढला. रस्त्यात त्यांना पोलिसांनी अडवलं. पोरं काय म्हणत होती? पैसे वेळेवर येत नाहीत, आले तर पुरत नाहीत, घरी अडचण असली तर पोर ते पैसे घरी पाठवतं आणि स्वतः उपाशी झोपतं. आम्हाला पैसे नकोत, ताट द्या. शिकलेल्या माणसांनी पुस्तकं लिहून जे सांगितलं असतं, ते या पोरांनी चार वाक्यांत सांगितलं.

रेशनचंही तेच चाललंय. मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना २०२३ पासून धान्याऐवजी माणशी महिना दीडशे रुपये सुरू झाले. दीडशेत बाजारात महिन्याचं धान्य येत होतं का? भाव वाढला तर धान्य वाढत्या भावाचं घ्यायचं.

आपला जुना धडा

ही गोष्ट आपल्या मावळातल्या माणसांना वेगळी समजवायची गरज नाही. पवनेचं धरण झालं. जमीन गेली, मोबदला आला. मोबदला किती दिवस पुरला? जमिनीच्या बदल्यात जमीन मागणारी धरणग्रस्त कुटुंबं अजून कचेऱ्यांच्या पायऱ्या चढतात. त्याच्याही आधी, १९२१ साली, शेजारच्या मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तेव्हाही त्यांचं म्हणणं हेच होतं, की आम्हाला पैसे नकोत, आमची जमीन राहू द्या.

कुपन हा शाळेचा मोबदला आहे. एकदा का तो हातावर ठेवला, की सरकार म्हणायला मोकळं होतं, आम्ही आमचं दिलं, आता तुमचं तुम्ही बघा. कायदा मात्र उलटं सांगतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ८ मध्ये "सक्तीचं शिक्षण" याचा अर्थ लिहिलाय. ही सक्ती सरकारवर आहे. शाळा उभी करणं, गुरुजी देणं, पोर दाखल करणं, ते रोज येतंय की नाही बघणं, पूर्ण शिकवणं, हे सरकारने करायचं आहे.

आता वस्तीचा हिशोब करून बघू. समजा एका वस्तीत पंचवीस पोरं आहेत. कुपन आलं. दहा घरं अशी आहेत, की बाप कंपनीत कंत्राटी कामाला, घरात मोटारसायकल, जातीचा दाखला झालेला. ती दहा पोरं गेली. राहिली पंधरा. कोणाची? विधवेची, भट्टीवर जाणाऱ्याची, दारूत बुडालेल्याची, अपंग पोराची. पैसा पोरामागे, म्हणून शाळेचा पैसा पंचवीसवरून पंधरावर आला. पण छप्पर तेवढंच गळतं, स्वयंपाक करणारी बाई एक लागतेच, गुरुजी एक लागतोच. दोन वर्षांनी पट घसरला म्हणून शाळाच बंद. मग ती पंधरा पोरं कुठे जाणार? आणि गेलेल्या दहांपैकी ज्याचं काम सुटलं, त्याचं पोर परत कुठे येणार?

ही भीती मनाने केलेली नाही. २०१७ च्या शेवटी दहापेक्षा कमी पट म्हणून राज्यातल्या १,३१४ शाळा बंद करायचं ठरलं होतं. सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचं पत्र निघालं. अशा शाळा राज्यात चौदा हजारांच्या वर आहेत. नमुना म्हणून आपल्याच जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारचं तोरणमाळ दाखवलं गेलं. बस देऊ म्हणतात. ज्या वस्तीला पावसाळ्यात रुग्णवाहिका येत नाही, तिथे शाळेची बस येणार आहे? सातवीतली पोरगी बस चुकली म्हणून तीन किलोमीटर जंगलातून एकटी चालेल की घरी बसेल? आणि घरी बसली की पुढच्या वर्षी तिचं लग्न ठरतं, हे इथल्या बाया जाणतात.

जगात हे कुठे झालंय का? चिली नावाच्या देशात १९८१ साली लष्करी राजवटीने सगळ्या देशभर कुपन लावलं. तेव्हा दहातली आठ मुलं सरकारी शाळेत होती. हळूहळू ती दहातली चारसुद्धा राहिली नाहीत. खाजगी शाळांनी चांगली पोरं वेचून घेतली, वरून फी पण लावली. गरिबांच्या शाळा निराळ्या, मधल्यांच्या निराळ्या, श्रीमंतांच्या निराळ्या झाल्या. २००६ मध्ये आणि २०११ मध्ये तिथली शाळा-कॉलेजातली पोरं लाखांनी रस्त्यावर उतरली. २०१५ साली सरकारला कायदा करावा लागला, की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेने पोरं वेचायची नाहीत, वरून फी घ्यायची नाही, नफा काढायचा नाही. चौतीस वर्षांनी ते इथवर आले.

भट्टीवर जाणाऱ्या पोराचं काय?

हा आपला खरा सवाल, आणि कुपनवाल्यांच्या कागदात तो कुठेच नाही.

दिवाळीनंतर जे कुटुंब वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातं, ते पावसाच्या तोंडावर परत येतं. सहा महिने पोर शाळेत नाही. खाजगी शाळा अशा पोराला ठेवील? कायद्यात याला उत्तर आहे. कलम ५ सांगतं, की मूल एका जागेहून दुसरीकडे गेलं, तर त्याला दुसऱ्या शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. पण हा हक्क सरकारी आणि अनुदानित शाळेतच आहे. विनाअनुदानित खाजगी शाळेला तो लागू नाही.

म्हणजे ज्या पोराला शाळेची सगळ्यात जास्त गरज, त्याच्यासाठी फक्त सरकारी शाळेचं दार कायद्याने उघडं आहे. तेच दार पाडून त्याच्या हातात कुपन द्यायचं?

इंग्रजीचं काय?

आया म्हणतात, आमच्या पोराला इंग्रजी आलं पाहिजे. कंपनीच्या गेटवर इंग्रजी फॉर्म भरता आला नाही म्हणून पोरगं हेल्परच राहिलं. हे दुःख खरं आहे. मातृभाषेवर भाषण देणाऱ्यांची स्वतःची पोरं इंग्रजी शाळेत असतात, हेही तुम्हाला दिसतं.

आमचं म्हणणं सरळ आहे. इंग्रजी हवंच, चांगलं हवं, आणि ते जिल्हा परिषदेच्या शाळेतच शिकवलं पाहिजे. पण पहिलीत पोराला समजेल अशा बोलीत शिकवून, मराठी पक्की करून, सोबत इंग्रजी. कायद्याचं कलम २९ सांगतं, की होता होईल तो शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून असावं. टाय घातला आणि तीन वर्षं घोकलं, पण वाचलेलं कळत नाही, असं इंग्रजी आपल्याला नको. इंग्रजी येणारे गुरुजी द्या, ही आपली मागणी.

मग करायचं काय?

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी लिहून दिलं, की शेतकऱ्यांच्या सारातून पैसा गोळा होतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर. प्राथमिक शिक्षण बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, अशी मागणी त्यांनी केली. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात ते मोफत आणि सक्तीचं करून दाखवलं. त्यांनी कुपन वाटलं नाही, शाळा काढल्या. ती वाट आपली आहे. पण नुसतं "सरकारी शाळा वाचवा" म्हणून चालणार नाही. न चालणारी शाळा कोण वाचवील? ती चालवून घ्यायची. त्यासाठी वस्त्यांपुढे ही कामं ठेवतो.

एक. प्रत्येक वस्तीने ६ ते १४ वयाच्या पोरांची यादी करावी. कोण शाळेत, कोण घरी, कोण भट्टीवर. पटावर नाव आहे आणि पोर नाही, असं असेल तर तेही लिहावं. मुकादमाचा बयाना उचलण्याआधी ही यादी व्हावी.

दोन. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असायला हव्यात. बऱ्याच ठिकाणी ही समिती कागदावर आहे आणि अंगठे परस्पर उठतात. समितीत कोण आहे ते विचारा. आपल्या बाया बसवा. शाळेचा आराखडा समितीने करायचा असतो, पैसा कसा खर्च झाला ते समितीने बघायचं असतं. विनाअनुदानित खाजगी शाळेला या समितीची सक्ती नाही. तिथे आपण गिऱ्हाईक. इथे कायद्याने आपल्याला बोलायचा अधिकार आहे, तो वापरलेला नाही.

तीन. शाळा बंद करायचं किंवा जोडायचं पत्र आलं, तर ग्रामसभेत ठराव घ्या. अंतर नकाशावर मोजू नका, पायवाटेने मोजा, आणि पावसाळ्यातलं मोजा. ओढे किती, चढ किती, ते ठरावात लिहा. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत, असा निकष आहे.

चार. ज्या वस्तीला शाळेला किंवा अंगणवाडीला जागा नाही आणि फॉरेस्टवाले "वनजमीन आहे" म्हणून अडवतात, त्यांनी २००६ च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(२) काढावं. शाळेसाठी, अंगणवाडीसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नसावीत आणि ग्रामसभेची शिफारस असावी, एवढीच अट. मावळ पाचव्या अनुसूचीत नाही म्हणून पेसा इथे लागत नाही, पण वनहक्क कायदा लागतो. दाव्याच्या फायलीबरोबर हा अर्ज पण जोडा.

पाच. भट्टीवर जाणाऱ्यांनी शाळेतून शिक्का मारलेला कागद सोबत न्यावा आणि तिथल्या जवळच्या सरकारी शाळेत पोर बसवावं. अडवलं तर कलम ५ सांगा आणि संघटनेला फोन करा. आजी-आजोबांजवळ राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह मागा. त्याची मागणी हंगामाच्या आधी करावी लागते.

सहा. गुरुजींशी वैर नको. चांगल्या गुरुजीची बदली होत असेल तर त्याच्यासाठी उभे राहा. न येणाऱ्याच्या तारखा वहीत लिहा, आणि पाच बाया मिळून पंचायत समितीत, वडगावला जा. एकट्याने गेलं की चहा पाजून परत पाठवतात.

साथींनो, ज्याला आपण निवड म्हणतो ती एकेकट्याची असते. ज्याच्याकडे गाडी, दाखला आणि वेळ आहे, तो निवडतो. राहिलेला मागे राहतो. वनपट्ट्याच्या लढाईत आपण असं केलं नाही. एकाचा दावा मंजूर झाला तरी तो बाकीच्यांसाठी कचेरीवर येत राहिला, म्हणून तर दावे पुढे सरकले. शाळेतही तेच करायचं. ज्याचं पोर खाजगीत आहे त्यानेही वस्तीच्या शाळेच्या बैठकीला यावं. शाळा वस्तीची आहे, नुसती पट भरणाऱ्यांची नाही.

पुढची बैठक आपापल्या वस्तीत घ्या. यादी करा आणि महिनाभरात संघटनेच्या कार्यालयात आणून द्या. सगळ्या वस्त्यांच्या याद्या घेऊन आपण मिळून वडगावला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि घोडेगावला प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जाऊ.

आमच्या वस्तीत, आमची शाळा!
भीक नको, मोबदला नको, शिक्षणाचा हक्क हवा!
जोहार. जिंदाबाद.